जेलवाले नी पॅड, आठ महिन्यांनंतर (पट्ट्याचं रडगाणं)

गेल्या मंगळवारी हिंजवडीच्या साइटवर टाइल बसवताना डाव्या नी पॅडचा, म्हणजे गुडघ्याला बांधायच्या जेल भरलेल्या गादीचा, खालचा पट्टा शिलाईतून उसवला, म्हणून हे लिहायला बसलो. उसवला नसता तर कौतुकच लिहिलं असतं.

ऑगस्टमध्ये १,३४० रुपयांना जोडी घेतली. बायकोला ९०० सांगितलं. त्याआधी हार्डवेअरच्या दुकानातले दीडशेवाले काळ्या स्पंजचे वापरायचो, वर्षाला चार जोड सहज लागायचे. माझे वडील शहाबादी आणि कोटा फरशी बसवायचे, त्यांचं तर बारदानावर भागायचं. चार घड्या करायच्या आणि गुडघ्याखाली सरकवत सरकवत दरवाज्यापर्यंत मागं यायचं. पन्नाशीत त्यांच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढी गाठ आली. डॉक्टरांनी सुईनं पाणी काढलं, दोन महिन्यांत परत भरलं. वाटीच्या पुढं कातड्याखाली एक पातळ पिशवी असते, सारखी दाबली गेली की ती सुजते. इंग्रजीत याला ‘हाउसमेड्स नी’ म्हणतात, म्हणजे मोलकरणीचा गुडघा. आमच्या धंद्यात नुसतं ‘गुडघ्यात पाणी झालं’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर येतात.

जेलबद्दल तक्रार नाही. दोन बाय चार फुटांच्या टाइल्सचा हॉल, दिवसभर बसून, संध्याकाळी जिना उतरताना गुडघा कुरकुरत नाही. दीडशेवाल्याचा स्पंज महिन्यात पापडासारखा व्हायचा, हा आठ महिन्यांनंतरही दाबला की परत वर येतो.

पण पट्टा! दुकानदार अंगठ्यानं जेल दाबून दाखवतो, ‘बघा मिस्त्री, लोणी.’ पट्टा कोण दाखवतो? मीही विचारलं नाही, चूक माझीच. वेल्क्रोच्या बारीक आकड्यांत कटरची धूळ बसते, जॉइंट भरताना त्यावर ग्राउटचं, म्हणजे टाइलच्या फटीत भरायच्या लगद्याचं, पाणी पडतं आणि दुपारपर्यंत तिथं सिमेंटचं खापर तयार. मग लावला की चर्रर्र आवाजसुद्धा येत नाही, नुसता चिकटल्याचं नाटक करतो. लेव्हल बघायला उठलं की पॅड नडगीवर. माल आणायला उठलं की नडगीवर. मी एकदा मोजलं, जेवणाच्या सुट्टीआधी एकतीस वेळा वर ओढला. रोज रात्री जुन्या टूथब्रशनं आणि टाचणीनं आकडे कोरायचे, हा एक वेगळा धंदाच झाला. मुलगी विचारते, बाबा दात कुणाचे घासताय?

पट्ट्याची दुसरी खोड कुठलाही पॅड घेणाऱ्यानं ऐकावी. बसून बांधला तर उभं राहिल्यावर ढिला, उभं राहून बांधला तर बसल्यावर पोटरीत रुततो. इलॅस्टिक रुंद असेल तरच मधला मार्ग निघतो, माझं जेमतेम दोन बोटं आहे. डब्यावर ‘ईएन १४४०४, लेव्हल १’ असं छापलंय. हे युरोपचं मानक. लेव्हल ० फक्त सपाट जमिनीसाठी, लेव्हल १ म्हणजे उंचसखल जागा आणि टोकदार वस्तूचा १०० न्यूटनपर्यंतचा (न्यूटन म्हणजे जोर मोजायचं माप) दाब, लेव्हल २ ला तोच २५० न्यूटन. फोडलेल्या जुन्या फरशीवर बसणाऱ्यांनी हे वाचून घ्यावं. पट्ट्याविषयी माझ्या डब्यावर एक अक्षर नाही.

उसवल्यावर कंपनीला फोन केला. फोटो पाठवा. पाठवले. बिल पाठवा. पाठवलं. चार दिवसांनी उत्तर, ‘वापरामुळे झालेली झीज वॉरंटीत येत नाही.’ अरे बाबा, नी पॅड वापरायचा नाही तर देव्हाऱ्यात ठेवायचा का? माझं बोलणं कंपनीच्या फोनवरच्या पोरीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी मला रेटिंग द्यायला सांगितलं.

इथं एक मत बदलतो. कडक टोपीवाल्या, म्हणजे वरून कडक कवच असलेल्या पॅडला मी कायम नावं ठेवायचो, कारण जॉइंट भरताना टोपीखाली वाळूचा कण सापडला आणि ग्लॉसी टाइलवर बोटभर ओरखडा उमटला. ती टाइल माझ्या हिशेबातून गेली. पण मार्चमध्ये एका जुन्या वाड्याचं काम लागलं, उखडलेला कोबा (ठोकून केलेली जुनी जमीन), सगळीकडे कच. तिथं माझा मऊ पॅड एका आठवड्यात फाटून धागे निघाले आणि हेल्परचा कडक टोपीवाला त्या कचेवरून घसरत मजेत चालला होता. तेव्हा कोब्यावर कडक, बसवलेल्या फरशीवर मऊ. दोन जोड घेणं परवडत नाही म्हणून मी हे इतके दिवस मान्य करत नव्हतो, एवढंच.

मऊ कापडाचा आणखी एक धोका, तो गंमतीचा नाही. बाथरूमच्या कामात कापड सिमेंटचं पाणी पितं आणि ते गुडघ्यालाच लावून ठेवतं. ओलं सिमेंट चुन्यासारखं खातं, आणि खाताना दुखत नाही. चार तास कळलं नाही, संध्याकाळी पॅड काढला तर रुपयाएवढं सालटं गेलेलं. आता ओल्या कामाला पॅडखाली जाड पँट आणि सुट्टीत गुडघे साध्या पाण्यानं धुणं, दोन्ही चुकवत नाही.

मस्कतला टाइल्सचंच काम करणारा मामेभाऊ म्हणतो, तुम्ही अजून पट्टे काय बांधता? त्याच्या पँटीलाच गुडघ्यावर खिसा आहे, पॅड आत सरकवायचा. मेमध्ये सुट्टीवर येताना एक आणणार आहे. पण तो माझ्यापेक्षा वीतभर उंच, त्याच्या मापाची आणली तर खिसा माझ्या नडगीवर येणार. म्हणजे परत तेच.

सध्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून पंक्चर ट्यूबचा तुकडा फुकट आणलाय. तीन बोटं रुंद पट्टी कापली, दोन भोकं पाडली, जुन्या बॅगेचं बक्कल लावून दाभणानं शिवली. धूळ बसली की फडका मारला, झालं. बसलं की ताणते, उठलं की आवळते. शनिवारी आख्ख्या दिवसात पॅड दोनदा वर ओढावा लागला, तोही उजवा, त्याला अजून कंपनीचाच पट्टा आहे. आज संध्याकाळी सायकलवाल्याकडे परत जातोय.