नऊ महिने मारिओ खेळल्यावर: सगळा जीव त्या बी बटणात आहे

गेल्या आठवड्यात ८-१ मध्ये (आठव्या वर्ल्डची पहिली लेव्हल) एकाच खड्ड्यात तिसऱ्यांदा पडले तेव्हा लक्षात आलं की रिमोटचं बी बटण गेलंय. पूर्ण गेलं नव्हतं, जोर लावला की लागायचं आणि अंगठा जरा सैल झाला की सुटायचं, आणि मारिओत बी सुटलं म्हणजे पळणारा माणूस ऐन उडीच्या वेळी चालायला लागतो. ८-१ मध्ये तेवढं पुरतं मरायला.

व्हिडिओ गेमचं मशीन दिवाळीत पुण्यातल्या तपकीर गल्लीतून घेतलं होतं, ११०० रुपयांना, दोन रिमोट आणि ती पिवळी कॅसेट, जिच्यावर लाखांत गेम लिहिलेले असतात आणि आत तेच पंधरा-वीस फिरून फिरून येतात. मला फक्त मारिओ हवा होता, त्यामुळे त्याचं काही नाही. पण त्याच दुकानात सुटा रिमोट मागायला गेले तर मालक म्हणाला, "ताई, सुटा नाही येत, पूर्ण सेट घेऊन जा." अहो, मशीन उत्तम चालू आहे, एका बटणासाठी परत ११०० का घालू? बिल दाखवलं, दोनदा विनंती केली, तर शेवटी मान वर करून बघायलाही तयार नाही. त्या दुकानात परत पाऊल ठेवणार नाही.

आता मूळ गेमबद्दल. पहिले दोन-अडीच महिने माझं मत वाईट होतं आणि ते मी चार लोकांना सांगितलंही होतं, की लहानपणी भारी वाटायचा पण आता कंट्रोल ढिला वाटतो, उडी उशिरा लागते. ते मत मी इथे मागे घेते. संक्रांतीला मशीन घेऊन आईकडे सहकारनगरला गेलो, तिच्याकडे अजून जुना डब्बा टीव्ही आहे, त्याला जोडलं आणि पहिल्याच उडीला कळलं! बटण दाबलं की मारिओ हवेत. दोष आमच्या एलईडी टीव्हीचा होता. डब्बा टीव्ही आलेला सिग्नल तसाच पडद्यावर काढत जातो, एलईडी आधी चित्र साठवतो, मोठं करतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो, त्यात जो क्षणभर उशीर होतो तो सिनेमा बघताना कळत नाही, इथे जीव जातो. घरी येऊन टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड चालू केला, पूर्ण नाही पण बराच फरक पडला. जुने गेम नवीन टीव्हीवर खेळणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी करा.

त्यानंतर मी १-१ नव्याने बघितली आणि अक्षरशः थक्क झाले. मुलाला (वय १०) मी मुद्दाम काहीच शिकवलं नव्हतं. पहिला गुम्बा (मशरूमसारखा दिसणारा शत्रू) चालत येतो, पोरगं त्याला धडकून मेलं, दुसऱ्यांदा उडी मारली. मग प्रश्नचिन्हाच्या विटेतून मशरूम निघतो, उजवीकडे घसरत जातो, खाली पडतो, पाइपवर आपटतो आणि उलटा फिरून थेट आपल्याच अंगावर येतो. मुलगा त्याला शत्रू समजून उडी मारून चुकवायला गेला, तर वर विटा, डोकं आपटलं आणि मशरूम अंगावर आलाच. "आई, मी मोठा झालो!" एक अक्षर न लिहिता शिकवलं. आणि शेवटाकडे समोरासमोरच्या जिन्यांच्या दोन जोड्या आहेत बघा, पहिल्या जोडीच्या मधे साधी जमीन, म्हणजे चुकलात तर परत चढा, दुसरी जोडी जवळपास तशीच पण मधे खड्डा. आधी सराव, मग परीक्षा. हे गेम बनवणाऱ्या मियामोतो आणि तेझुका यांनी १९८५ साली केलंय आणि अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा सकाळचा फुलांचा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. ढग आणि झुडपं एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय, हे मुलाने मला दाखवलं.

तर बी बटण. लोक म्हणतात बी म्हणजे पळणे, पण तेवढंच नाही, वेग जास्त असेल तर उडी लांब जाते तशी उंचही जाते, म्हणजे उडी कुठे पडणार हे बरंचसं जमीन सोडायच्या आधीच ठरलेलं असतं. मग अंगठ्याचं टोक बीवर दाबून धरायचं आणि ते न उचलता अंगठा कलता करून पेराने ए (उडीचं बटण) दाबायचं. ही पकड बसायला मला महिना गेला. एकदा बसली की लेव्हल वेगळीच दिसायला लागते, कारण खड्ड्यांची रुंदी, पाइपांची उंची, सगळं या पळण्याच्या मापाने आखलेलं आहे. ८-१ लांबलचक आहे, टायमर ३०० चा, आणि ते सेकंद नाहीत, खरी वेळ जेमतेम दोन-सव्वादोन मिनिटं. रमतगमत गेलात तर टाइम अप. आणि आठव्या वर्ल्डमध्ये अर्ध्यावरून सुरुवात मिळत नाही, मेलात की लेव्हल पहिल्यापासून. तरी मला ते अन्यायाचं वाटत नाही, कारण तिथपर्यंतच्या लेव्हलींनी तयारी करून घेतलेली असते.

अन्याय कुठे आहे सांगू? ७-४ मध्ये. चुकीचा रस्ता घेतला की तोच तुकडा परत परत येतो आणि कुठे चुकलं याची एक खूण नाही. १-१ एवढ्या प्रेमाने शिकवणाऱ्यांनी हे का केलं मला कळत नाही. कागदावर वर-खाली लिहून काढत सोडवलं शेवटी.

गेम ओव्हर झाल्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं की त्याच वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून सुरू होतं, हे माहीत नसेल तर करून बघा. मशीन बंद झालं तर मात्र ते जातं, आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते म्हणून गुरुवारी मी आठव्या वर्ल्डला हातच लावत नाही.

रिमोटचं काय झालं ते राहिलं. मागचे स्क्रू काढून उघडला, आत बटणांखाली रबराची पट्टी असते, तिच्यावर काळे ठिपके, बीखालचा ठिपका झिजून पांढरा पडलेला. सर्किटवरची जागा खोडरबराने पुसली आणि दुसऱ्या रिमोटची पट्टी यात घातली. झकास चाललं. पण लगेच मुलगा रडकुंडीला, "आई, आता माझा लुईजी पळत नाहीये." (लुईजी म्हणजे दुसऱ्या रिमोटवरचा खेळाडू.) बरोबरच होतं त्याचं. मग शनिवार पेठेत एक टीव्ही दुरुस्तीवाले काका आहेत, त्यांना पट्टी दाखवली, त्यांनी खोक्यात हात घालून तसाच एक जुना मेलेला रिमोट काढला, त्यातली पट्टी बरोबर बसली. "चाळीस द्या," म्हणाले. मी पन्नास दिले.

रविवारी रात्री ८-१ सुटली, टायमरवर २२ उरले होते. मुलगा आता ८-२ ला अडकलाय आणि मी त्याला काहीच सांगत नाहीये.