पावसाळ्यात लाटांसाठी परदेशी: अरुगम बे की बाली?

मे संपता संपता सिंधुदुर्गातली जलक्रीडा बंद होते, ती ऑगस्टअखेरपर्यंत. होड्या वर ओढल्या जातात, सर्फिंगचे बोर्डही माळ्यावर जातात. या दिवसांत समुद्रात लाटा नसतात असं नाही. असतात भरपूर, पण त्या इथल्याच वाऱ्याने उठवलेल्या असतात. दोन लाटांमध्ये सात-आठ सेकंदांचं अंतर, वारा दिवसभर समुद्राकडून, आणि पुळणीवरून आत ओढणारे प्रवाह रोज जागा बदलणारे. त्यात बोर्ड घेऊन उतरू नये. ऑक्टोबर ते मे या काळात तारकर्ली, निवती किंवा आरे-वारेला हात बसलेला माणूस मग बाहेरचा विचार करू लागतो, आणि फिरून फिरून दोनच नावांवर येतो: श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं अरुगम बे, नाहीतर बाली. दोन्हीकडे एप्रिल-मे ते ऑक्टोबर हाच खरा हंगाम.

लाटांचा उगमही एकच, खाली दक्षिण हिंदी महासागरातली वादळं. तिथून हजारो किलोमीटर येताना लाटा सुट्या, लांब आणि शिस्तीत होतात. मधलं अंतर बारा ते अठरा सेकंद. फरक इतकाच की बालीचा नैर्ऋत्य किनारा या लाटांच्या थेट समोर आहे, तर अरुगम बेला त्या श्रीलंकेला वळसा घालून, बराच जोर गमावून पोचतात. बालीच्या उलुवाटूला लाट डोक्याच्या बरीच वर असते, तेव्हा अरुगमला ती छातीपर्यंत असली तरी चांगला दिवस म्हणायचा. कागदावर इथे बाली जिंकतं. पण कोकणात शिकलेल्याला नेमकं काय कमी पडतं, ते आधी बघू.

आपल्या पुळणी सरळ आणि तळ वाळूचा. लाट बहुतेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदमच कोसळते. उभं राहायला मिळतं, सरळ किनाऱ्याकडे यायला मिळतं, पण लाटेच्या भिंतीवर आडवं जायला दोन-तीन सेकंदांच्या वर मिळत नाहीत. म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा टेक-ऑफ, म्हणजे लाट पकडून उभं राहणं, चांगला असतो आणि वळण कच्चं. वळण शिकायला लाटेवर वेळ लागतो. तो वेळ पॉइंट देतो, म्हणजे समुद्रात घुसलेल्या खडकाळ सड्याच्या कडेने एका बाजूने उलगडत जाणारी लाट. अरुगमचा अख्खा किनारा अशाच पॉइंटांचा आहे आणि ते जवळपास सगळे उजवीकडे फुटणारे. गावालगतचा मेन पॉइंट सगळ्यांत जोरदार. चांगल्या दिवशी एकच लाट कित्येकशे मीटर नेते. त्याच्याच आतल्या अंगाला नवशिक्यांसाठी बेबी पॉइंट. उत्तरेला बहुतांश वाळूच्या तळाचा व्हिस्की पॉइंट आणि त्यापुढे लांबलचक, सावकाश पोट्टुविल पॉइंट. दक्षिणेला पीनट फार्म आणि कुमना राष्ट्रीय उद्यानाच्या दारातलं ओकांडा. मधल्या पातळीच्या माणसाने सकाळ व्हिस्कीला आणि संध्याकाळ बेबी पॉइंटला काढली, तरी चार दिवसांत वळणात फरक दिसू लागतो.

बालीत कुटाच्या किनाऱ्यावर वाळू आहे. लाट आपल्यापेक्षा कितीतरी चांगली, पण शेवटी पुळणीवरचीच, तीच सवय पुढे चालवणारी. चांगूला वाळू आणि खडक मिसळलेले, लाटा मऊ आणि माणसं फार. बालीचं खरं नाव ज्यामुळे झालं ते बुकित द्वीपकल्प: उलुवाटू, पडांग पडांग, बिंगिन, बालांगन. या लाटांची गुणवत्ता अरुगमला नाही, हे मान्यच करायला हवं. तळ मात्र प्रवाळाचा आहे, आणि माझा निर्णय, अरुगमचा, इथेच ठरला.

अडचण प्रवाळाची एकट्याची नाही. प्रवाळ आणि भरती-ओहोटी एकत्र आल्याने ती होते. दक्षिण बालीत उधाणाला पाण्याचा चढउतार अडीच मीटरच्या आसपास असतो, साधारण आपल्या रत्नागिरी-मालवणाएवढाच. आपल्याकडे सुकती, म्हणजे ओहोटी, लागली तर लाट चार पावलं पुढे सरकते. खाली वाळूच असल्यामुळे बिघडत काही नाही. बुकितला तेच पाणी उतरलं की प्रवाळ गुडघाभर पाण्याखाली येतो, कुठे उघडाच पडतो. पूर्ण भरतीला उलट होतं. खालचा खडक खोल गेल्यामुळे लाट फुगते, उभी राहत नाही, पकडता येत नाही. म्हणून तिथे प्रत्येक जागेची आपली वेळ असते. बालांगनला अर्धी भरती ते पूर्ण भरती, बिंगिनला त्याहून कमी पाणी. उलुवाटूला पाणी चढलं की पीक नावाच्या भागावर बसायचं, उतरलं की रेसट्रॅक नावाच्या भागाकडे सरकायचं. मुरलेल्या माणसाला या फिरण्यातच मजा असते. मधल्या पातळीच्या माणसाला मात्र उथळ पाण्यातली वेगवान लाट वर्ज्यच, म्हणजे त्याच्या वाट्याला दिवसातल्या त्या मधल्या पाण्याच्या घटकाच उरतात. भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे जाते. आठवड्यात ती पहाटेवरून भर दुपारवर येते. आणि हीच वेळ सगळ्यांची असल्यामुळे गर्दीही त्याच दोन तासांत होते.

तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची वेळ काढायची, चतुर्थीला तीन वाजता, हा आपला ठोकताळा तिथे लावू नका. तो कोकण किनाऱ्यापुरता आहे. भरती किनाऱ्याकिनाऱ्यावर वेगळ्या वेळी पोचते, शिवाय बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथलंच कोष्टक घ्यायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, एवढं मात्र तिथेही खरं. बाली ठरत असेल तर मुक्काम भांगाच्या दिवसांभोवती बेतावा. चढउतार कमी राहतो आणि मधल्या पाण्याचा वेळ लांबतो.

उलुवाटूची गुहा हे याच गोष्टीचं टोक. समुद्रात उतरायची आणि परतायची वाट त्या गुहेतूनच. भरतीला आत पाणी भरतं, उभं राहायला वाळू उरत नाही. प्रवाह उत्तरेकडे, पडांग पडांगच्या दिशेने ओढत असतो. म्हणून परतताना गुहेच्या सरळ समोर नाही, तर बरंच दक्षिणेला धरून यायचं. चुकलं तर कड्याला चिकटून प्रवाहाशी झगडायचं नाही. पुन्हा बाहेर जाऊन मोठा फेरा मारून यायचं. हे दमलेल्या हातांनी करावं लागतं, हे लक्षात ठेवून निदान एका फेऱ्याचा दम शिल्लक असतानाच परत निघावं.

अरुगमला पाण्याचा चढउतार जेमतेम अर्ध्या मीटरचा. लाटेचा स्वभाव त्याने थोडा बदलतो, पण उतरावं की नाही हे ठरत नाही. तिथे सगळं वाऱ्यावर ठरतं. पहाटेपासून जमिनीवरून येणारा मतलई वारा लाटेची भिंत गुळगुळीत ठेवतो, दहा-अकराला समुद्रावरून खारा वारा सुटतो, पाणी विस्कटतं, आणि उन्हं उतरल्यावर बऱ्याचदा पुन्हा शांत होतं. म्हणजे साडेपाचला उठायचं, दहाला बाहेर पडायचं, जेवून पडायचं, चारला परत जायचं. कोकणातल्या हिवाळ्यात आपण हेच करतो. कोष्टक बघत किनाऱ्यावर ताटकळणं नाही. ठरावीक दिवसांची रजा काढून गेलेल्या माणसाला याची किंमत कळते. मला तरी अरुगममध्ये लाटेवरचा वेळ बालीच्या मानाने खूपच जास्त मिळाल्यासारखा वाटतो.

एक अपवाद मात्र महत्त्वाचा. उजवा पाय पुढे ठेवून उभे राहणाऱ्यांना, म्हणजे गूफी मंडळींना, अरुगमच्या उजव्या लाटांवर कायम पाठ लाटेकडे करून जावं लागतं. त्यांच्यासाठी बुकितच्या डाव्या लाटा सोयीच्या. त्यांनी माझं ऐकण्याआधी याचा विचार करावा.

प्रवासात पारडं बालीकडे झुकतं. देनपसारचा विमानतळ कुटाला लागूनच. उतरल्यावर तासाभरात खोलीवर. विमानाला मात्र बहुतेक वेळा मध्ये एक थांबा पडतो. आगमनावर मिळणाऱ्या तीस दिवसांच्या व्हिसाचे पाच लाख रुपिया आणि २०२४ पासून लागू झालेला दीड लाख रुपियांचा पर्यटन कर धरायचा. मुंबई-कोलंबो अडीच तासांचं विमान, निघण्यापूर्वी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची पूर्वपरवानगी, काढायचा. पण कोलंबोहून अरुगमपर्यंत सात-आठ तासांचा रस्ता. दक्षिण द्रुतगती मार्गाने मत्तलापर्यंत, मग वेल्लवाया, मोनरागला, पोट्टुविल. यातला लाहुगलाचा पट्टा हत्तींचा, तो उजेडात पार होईल असं निघावं. विमान रात्री पोचत असेल तर नेगोंबोला झोपून पहाटे निघणं बरं. तिथल्या तिथे फिरायला टुकटुक पुरतो, टपावर बोर्ड बांधायची सोय असते. बालीत बोर्डाच्या रॅकची स्कूटर जवळपास गरजेचीच, आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तो ओरोस किंवा रत्नागिरीच्या आरटीओत हजार रुपयांत निघतो, वर्षभर चालतो. आपल्या लायसन्सवर मोटरसायकलची नोंद नसेल तर त्यावरही येत नाही, आणि मग अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. विमा घेताना सर्फिंगचा धोका पॉलिसीत शब्दांत लिहिलेला आहे ना, तेही पाहा. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात.

बोर्ड न्यायचा का? बालीला जाताना हो म्हणेन, कारण उथळ पाण्यावर ओळखीचा बोर्ड हवा. अरुगमला सहा ते नऊ फुटांचे भाड्याचे बोर्ड सहज मिळतात, आणि आठ तासांच्या व्हॅनप्रवासात आपल्या बोर्डाला खोक पडण्याचा धोका टळतो. शिवाय सात फुटी बोर्ड पिशवीसकट सव्वादोन मीटरच्या आसपास जातो. रेल्वेच्या बर्थवर तो मावत नाही, ब्रेक व्हॅनला द्यावा लागतो. विमान कंपनीची लांबीची मर्यादा सेंटिमीटरमध्ये आधी लेखी विचारा, आणि दोन वेगळी तिकिटं असतील तर दोघांनाही विचारा. नेत असाल तर फिन (तळाचे पंखे) काढा, नाक आणि शेपटीला जाड फोम, कडांना नळाला लावतात तसला फोमचा पाइप चिरून बसवा. दुरुस्तीचं रेझिन बोर्डाप्रमाणे घ्या. पॉलिस्टर रेझिन इपॉक्सी बोर्डांतला ईपीएसचा, म्हणजे थर्माकोलसारख्या फोमचा, गाभा विरघळवतं. इपॉक्सी बोर्डाला इपॉक्सीच.

भाड्याचा बोर्ड घेताना जुन्या खोकांचे फोटो मालकासमोर काढा. फिन हलवून बघा. आपले फिन नेण्यात अर्थ नाही, कारण फिन बसवायच्या एफसीएस आणि फ्युचर्स या दोन पद्धतींचे खाचे एकमेकांत बसत नाहीत. लीश, म्हणजे पाय आणि बोर्ड जोडणारा पट्टा, मात्र स्वतःचीच न्या, बोर्डाएवढ्या लांबीची. ती बांधायची दोरी आखूड ठेवा. बोर्डाच्या कडेबाहेर आली तर ओढ बसताच ती शेपटीत रुतते. पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावायचं वॅक्स उष्ण पाण्याचंच हवं, दोन्हीकडे पाणी उबदार असतं.

मेन पॉइंटवर खडकांत समुद्री साळिंदर (काटेरी सी अर्चिन) असतात. पडताना पाय खाली सोडायचे नाहीत, पाठीवर आडवं पडायचं. काटा शिरलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय धरून ठेवावा, वेदना उतरते. प्रवाळाने कापलं तर जखम गोड्या पाण्याने आणि साबणाने मऊ ब्रशने घासून धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा. प्रवाळाचे बारीक कण आत राहिले की दमट हवेत दोन दिवसांत पू धरतो, आणि पुढचे सगळे दिवस किनाऱ्यावर जातात. अरुगमच्या आजूबाजूच्या खाड्यांच्या मुखाशी मगरी असतात. तिथून पोहून पलीकडे जायचं नाही, कोणी कितीही जवळची वाट म्हणो.

गर्दी अरुगमलाही आहे, मेन पॉइंटवर विशेष. आपल्या रिकाम्या किनाऱ्यावर शिकलेल्याला पाळीची सवय नसते. जो लाट फुटते त्या जागेच्या सर्वांत जवळ, लाट त्याची. त्याच्यापुढे उतरायचं नाही. पहिला दिवस व्हिस्कीला काढून मग मेन पॉइंटला गेलेलं बरं. डोळे सरावतात.

तारखांचं म्हणाल, तर आपल्याला लावणी उरकल्यापासून गणपती घरी येईपर्यंतचेच दिवस मोकळे. तेव्हा दोन्हीकडे लाटांचा जोर चांगला असतो. युरोपातल्या सुट्ट्याही नेमक्या तेव्हाच येतात, त्यामुळे अरुगममधल्या पॉइंटजवळच्या खोल्या भराभर जातात. पहिल्या तीन रात्री आणि विमानतळावरून येणारी व्हॅन एवढं जूनमध्येच ठरवून टाका. उरलेल्या रात्री कुठे काढायच्या ते तिथे गेल्यावर, कोणता पॉइंट मानवतो ते बघून ठरवता येतं.