चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी हॅलोवीनला कँडी मागायला जावं का?

ऑक्टोबर संपत आला की अमेरिका-कॅनडातल्या बऱ्याच मराठी घरांत हा वाद रंगतो. आजीला मुळात दारोदार मागत फिरणंच पटलेलं नसतं, बाबांच्या मते पोरगं आता ‘घोडा झालाय’, आणि पोराचा बेत मित्रांबरोबर केव्हाच ठरलेला असतो. जाऊ द्यायचं, धाकट्यांच्या सोबतीला पाठवायचं, की घरीच काही करायचं?

आधी गावाचा नियम पाहा. बहुतेक ठिकाणी वयाची अट नसते, पण काही शहरांत असते. व्हर्जिनियातल्या चेसापीकमध्ये 1970 पासून बारा वर्षांवरच्यांना ट्रिक-ऑर-ट्रीटची, म्हणजे दारोदार कँडी मागण्याची, बंदी होती, आणि कागदोपत्री तर तुरुंगाचीही तरतूद होती. त्यावर बराच गाजावाजा झाल्यावर 2019 मध्ये मर्यादा चौदावर नेली आणि तुरुंगाचं कलम काढलं. कॅनडातल्या बॅथर्स्टने 2017 मध्ये सोळाची मर्यादा आणि रात्री आठपर्यंतचीच वेळ ठरवली, वर दोनशे डॉलरपर्यंत दंड. कँडीसाठी!

जाऊ दिलं तर

माझा कल इकडे आहे. चौदा वर्षांचा मुलगा दोन तास मित्रांबरोबर पायी हिंडतो, अनोळखी माणसांना ‘थँक यू’ म्हणतो, फोन खिशात ठेवतो. घरी थांबला असता तर अभ्यास केला असता, या भ्रमात कुणी राहू नये. लोकांची तक्रार असते ती वयापेक्षा वागण्याची: हुडी घालून, कँडीसाठी उशीचा अभ्रा पुढे करून नुसतं उभं राहायचं, पोर्चवरचं भांडं अख्खं रिकामं करायचं, परी बनून आलेल्या चार वर्षांच्या पोरीला ढकलून पुढे जायचं. खराखुरा कॉस्च्युम, एका घरी एकच कँडी आणि पोर्चचा दिवा बंद असेल तिथे बेल वाजवायची नाही, एवढं पाळलं तर सहसा कुणी नाक मुरडत नाही. दाराच्या आत तुम्ही असाल, तर वय मात्र विचारू नका. काही मुलं बाराव्या वर्षीच सहा फुटांची होतात, आणि एखादा सतरा वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा वर्षभर याच संध्याकाळची वाट पाहत असतो.

धोके दोन. पहिला रस्त्यावरचा. अमेरिकेतल्या 1975 ते 2016 या काळातल्या अपघातांचा अभ्यास सांगतो की हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या इतर संध्याकाळींपेक्षा 43 टक्क्यांनी जास्त होता. काळ्या कपड्यांवर चमकणारी पट्टी लावा, हातात टॉर्च द्या. दुसरा धोका बोलायला अवघड आहे. 1992 मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोवीन पार्टीला जाताना चुकीच्या घराशी पोचला आणि घरमालकाच्या गोळीने मेला. अशी घटना विरळाच, पण आपल्या उंच, सावळ्या मुलाकडे प्रत्येक दारातून लहान मूल म्हणूनच पाहिलं जाईल असं नाही. म्हणून ओळखीची गल्ली, घोळका आणि मुखवटा न घालता उघडा चेहरा, या तीन गोष्टींवर मी तडजोड करणार नाही.

धाकट्यांबरोबर

पंधरा-सोळाला हे उत्तम. कुणी वय विचारत नाही, आणि दारातली माणसं मोठ्याच्याही हातात काहीतरी टेकवतात. अडचण एवढीच की पाच वर्षांचं पिल्लू चौथ्या गल्लीत ‘कडेवर घे’ म्हणतं. अमेरिकेत युनिसेफची नारिंगी डबी हा याच जातीचा पर्याय: मुलं कँडीबरोबर जगातल्या मुलांसाठी नाणी गोळा करतात, ही रीत 1950 पासूनची. आजीचा विरोध इथे निम्मा मावळतो.

घरी, पार्टी किंवा भुताटकीचा खेळ

दारात बसून कँडी वाटणं मुलांना वाटतं तेवढं कंटाळवाणं नसतं, पण पोर्च सजवायची मोकळीक त्यांना हवी. भोपळा कोरण्यापासून धुराच्या यंत्रापर्यंत त्यांचं राज्य. 2024 सारखं हॅलोवीन ऐन दिवाळीत आलं आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असलं, तर हाच पर्याय सोयीचा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांसाठी कँडीऐवजी छोटी खेळणी वेगळ्या भांड्यात ठेवा आणि दाराशी निळसर-हिरवा भोपळा मांडा, म्हणजे त्यांच्या आईबापांना खूण कळते.

पार्टी ‘मोठ्यांसारखी’ म्हणून पालकांना बरी वाटते. मला नाही वाटत. कुणाच्या घरी, मोठं माणूस कोण, दारू आहे का, हे विचारल्याशिवाय पार्टीपेक्षा कँडीच परवडली. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स स्केरी फार्मसारखे करमणूक पार्कमधले भुताटकीचे खेळ मात्र याच वयाचे. तेरा वर्षांखालच्यांना आणू नका असं ते पार्कच सांगतं. तिकीट महाग असतं, तेव्हा मित्रांच्या टोळक्याचा खर्च कोण करणार ते आधी ठरवा.

सोळाव्या वर्षी हातात नवीन लायसन्स आलेलं असेल, तर वरचा कुठलाही पर्याय निवडा, पण त्या संध्याकाळी गाडीची किल्ली तुमच्याकडेच ठेवा.