फेरफार विरोधात गेला: प्रांताकडे अपील की उच्च न्यायालयात रिट?

निफाड-दिंडोरीकडची जमीन. सातबाऱ्यावरून नाव कमी करणारा फेरफाराचा, म्हणजे नोंद बदलण्याचा, तहसीलदारांचा आदेश हातात पडला की दोन सल्ले मिळतात. एक, प्रांताकडे, म्हणजे तहसीलदारांच्या वरच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील करा. दुसरा, महसुलात काही राम नाही, सरळ हायकोर्टात रिट, म्हणजे आदेशाला थेट आव्हान देणारी याचिका, टाका. दुसरा सल्ला ऐकायला दमदार, पण बहुतेकांना महागात पडणारा. कोणतं कोर्ट मोठं हा इथे प्रश्नच नाही. निकाल चुकीचा लागला अशी तुमची तक्रार आहे, की निकाल द्यायची रीतच चुकली अशी, यावर वाट ठरते.

अपील येतं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २४७ खाली. आदेश जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा असेल तर मुदत ६० दिवस, एरवी ९०. दिवस मोजायचे ते आदेश तुम्हाला मिळाल्या तारखेपासून, आणि आदेशाची नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ वगळून. म्हणून नकलेवर अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची अशा दोन्ही तारखा पडल्या आहेत ना, हे खिडकीवरच तपासा. उशीर झालाच तर कलम २५१ खाली विलंबमाफीचा वेगळा अर्ज लागतो. प्रांत सगळे कागद नव्याने वाचू शकतात, जादा पुरावा घेऊ शकतात, आदेश बदलू किंवा रद्द करू शकतात. पुढे अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे दुसरं अपील, आणि त्यानंतर कलम २५७ खाली नाशिकरोडच्या विभागीय आयुक्त कार्यालयात पुनरीक्षण, म्हणजे खालच्या आदेशाची फेरतपासणी. पायऱ्या जास्त आहेत, वर्षं जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

रिटमध्ये यातलं फारसं काही होत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ खाली उच्च न्यायालय आदेश कसा झाला ते तपासतं: अधिकार होता का, बाजू ऐकली का, कारणं दिली का, कायद्याची ठळक चूक अभिलेखावरच दिसते का. काम प्रतिज्ञापत्रांवर चालतं, साक्षीदार सहसा उभे राहत नाहीत. वाटणीपत्रावरची सही खरी की खोटी, बांध नेमका कुठून जातो, असले वाद तिथे सुटत नाहीत. शिवाय कायद्यात अपील असताना ते सोडून आलात तर पहिला प्रश्न त्याचाच. १९९८ च्या व्हर्लपूल निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपवाद सांगितले आहेत: मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, मुळात अधिकारच नसणं, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. तुमचं प्रकरण यांपैकी एकात चपखल बसतं का, ते आधी पाहा.

कलम १५५ चं उदाहरण घ्या. हे कलम लेखनप्रमादापुरतं आहे: गटक्रमांक चुकला, नावाचं अक्षर चुकलं. त्याचा आधार घेऊन, नोटीस न देता, कुणा हिस्सेदाराचं नावच उडवलं असेल तर तो लेखनप्रमाद नव्हे, हक्काचा निवाडा झाला. इथे अधिकार आणि सुनावणी दोन्हींवर बोट ठेवता येतं, रिटला जोर असतो. पण सिद्ध कशावरून करणार? रोजनाम्यावरून, म्हणजे प्रकरणात तारखेतारखेला काय झालं त्याच्या नोंदीवरून. ‘नोटीस बजावली’ असा शेरा आहे आणि पोच जोडलेली नाही, की पोचेवर तुमचीच सही आहे? दुसरी स्थिती असेल तर रिटचा नाद सोडा. आदेशात कारणं नसतील तर तेही भांडवल मोठं आहे. आदेशात नसलेली कारणं मागाहून प्रतिज्ञापत्रात भरता येत नाहीत, हे मोहिंदरसिंग गिल प्रकरणात (१९७७) ठरलेलं आहे.

मात्र रिट जिंकलात तरी हाती काय येतं? अशा प्रकरणांत बरेचदा आदेश रद्द होऊन फाईल ‘सुनावणी देऊन नव्याने निर्णय घ्या’ म्हणून त्याच तहसील कचेरीत परत. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईच्या चकरा मारून पुन्हा त्याच टेबलापुढे. (नाशिक विभागातले धुळे, जळगाव, नंदुरबार, अहिल्यानगर जिल्हे छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे आहेत, नाशिक जिल्हा मात्र मुंबईकडे.) कामकाजाची भाषाही इंग्रजी.

अपील केलं म्हणून आदेश आपोआप थांबत नाही. कलम २५६ खाली स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच द्या. तो नसला तर समोरचा खरेदीखत करून मोकळा होतो. उच्च न्यायालयातही अंतरिम स्थगिती वेगळी मागावी लागते.

पुनर्विलोकन, म्हणजे त्याच अधिकाऱ्याकडे कलम २५८ चा अर्ज, हा अरुंद रस्ता आहे. नवा महत्त्वाचा पुरावा किंवा उघड चूक असेल तरच, आणि खाजगी हक्काच्या वादात आदेशापासून ९० दिवसांत. वाद जमिनीचा नसून सरकारी नोकरीतल्या बदलीचा किंवा बढतीचा असेल तर आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालानंतर ते ओलांडून थेट रिट करता येत नाही.

आणि भांडण मुळात मालकीचं असेल, विशेषतः वादग्रस्त मृत्युपत्रावरून, तर वरचे दोन्ही रस्ते अपुरे. फेरफार नोंद मालकी देत नाही, काढूनही घेत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात घोषणेचा, म्हणजे मालकी कुणाची ते ठरवून घेण्याचा, दावा, मुदत सर्वसाधारणपणे ३ वर्षं. अपील आणि दावा बरोबरीने चालवता येतात.

रिट आधीच दाखल झाली असेल आणि न्यायालयाचा कल अपिलाकडे दिसला, तर फेटाळली जाण्याची वाट पाहू नका. वकिलांना याचिका मागे घ्यायला सांगा, आणि आदेशात दोन वाक्यं नोंदवून घ्या: अपील करण्याची मुभा राहील, आणि याचिकेत गेलेला काळ मुदतीतून वगळावा. दुसरं वाक्य राहून गेलं तर प्रांतांपुढे पहिली तारीख विलंबमाफीवरच खर्ची पडते.