नाव पुसलेला पार्ट ओळखायला काय घ्यावं: मल्टीमीटर, कंपोनंट टेस्टर की एलसीआर मीटर?

मल्टीमीटर तुमच्याकडे असेलच, नसेल तर आधी तोच घ्या. डायोड मोडवर साधा सिलिकॉन डायोड 0.6-0.7 व्होल्ट दाखवतो, शॉट्की प्रकारचा डायोड 0.2-0.3 च्या आसपास. ट्रान्झिस्टरचा बेसपण सापडतो, ज्या पायापासून बाकी दोघांकडे ड्रॉप (डायोडसारखं व्होल्टेज रीडिंग) येतो तो बेस, लाल प्रोब बेसवर असताना आला तर एनपीएन, काळी असताना आला तर पीएनपी (ट्रान्झिस्टरचे हे दोन प्रकार), आणि उरलेल्या दोघांत ज्याचं रीडिंग किंचित जास्त तो बहुतेक एमिटर. पण हे किंचित म्हणजे 0.652 आणि 0.658 असं असतं, त्यामुळे ढिगातले बरेच पार्ट तपासायचे तर वैताग येतो.

इथे कंपोनंट टेस्टर भाव खाऊन जातो. तीन पाय सॉकेटमध्ये घाला, बटण दाबा, पिनआउट (कुठला पाय कशाचा), गेन (करंट किती पट वाढतो), मॉसफेट प्रकारचा ट्रान्झिस्टर असेल तर गेट थ्रेशोल्ड (तो चालू व्हायला लागणारं व्होल्टेज), कपॅसिटरचा ईएसआर (आतला रोध), सगळं स्क्रीनवर. फक्त डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कारण आत 5 व्होल्ट आणि थोडेसेच मिलिअँपिअर. 12 व्होल्टचा झेनर, म्हणजे 12 व्होल्टला उलट दिशेनेही वाहणारा डायोड, त्याला साधा डायोडच वाटतो (काही मॉडेलना झेनरसाठी वेगळं सॉकेट असतं, ते बघून घ्या), मोठा ट्रायक (एसी चालू-बंद करणारा पार्ट) ट्रिगरच होत नाही, आणि 7805 सारखा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा पार्ट) घातला तर काहीच्या काही उत्तर येतं. कपॅसिटर आधी डिस्चार्ज करा, नाहीतर टेस्टरची चिपच उडते.

एलसीआर मीटर (कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टरची व्हॅल्यू मोजणारा) फक्त एका गटासाठी, ज्यांच्याकडे बिनछाप एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावर थेट बसणारे छोटे) कपॅसिटर आणि कॉइलचा ढीग आहे. 100 हर्ट्झ ते 100 किलोहर्ट्झ वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर मोजता येतं, चिमट्यासारखे प्रोब मिळाले तर सोन्याहून पिवळं. डायोड-ट्रान्झिस्टर मात्र तो ओळखणार नाही. आणि सिरॅमिक कपॅसिटरचं व्होल्टेज रेटिंग यातलं कुठलंच यंत्र सांगत नाही हं, व्हॅल्यू जुळली म्हणून 6.3 व्होल्टवाला 24 व्होल्टच्या लाइनवर लावाल तर गेला कामातून.

एसएमडीवर दोन-तीन अक्षरं दिसत असतील तर आधी भिंग घ्या. 1AM असेल तर बहुतेक एमएमबीटी3904 हा एनपीएन ट्रान्झिस्टर, पण तोच कोड दुसरी कंपनी वेगळ्या पार्टवर छापू शकते, म्हणून टेस्टरवर एनपीएन येतोय का बघाच.

माझं मत विचाराल तर मल्टीमीटर अधिक टेस्टर, एलसीआर नंतर. आयसीचं नाव घासून काढलेलं असेल तर तिन्ही यंत्रं बाजूला ठेवा, बोर्डवरच ग्राउंड पिन शोधा, जवळचा डीकपलिंग कपॅसिटर (सप्लाय आणि ग्राउंडमध्ये लावलेला) कुठल्या पिनला जातो बघा, सप्लाय तिथेच सापडायची शक्यता जास्त.