गव्हाच्या बिअरपासून सुरुवात: पुण्यातल्या ब्रुअरी चाखताना

पुण्यातल्या कोणत्याही ब्रूपबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर जागेवरच बनवणाऱ्या पबमध्ये, पहिल्यांदा गेले की मी गव्हाची बिअर मागवते. यादीत आंबा, जांभूळ, कॉफी, व्हॅनिला अशी नावे कितीही खुणावत असली तरी त्यांच्याकडे मी नंतर वळते. फळ किंवा मसाला घातलेल्या बिअरमध्ये बनवणाऱ्याच्या हातून झालेली चूक झाकून जाते. हेफेवाइझेन या साध्या गव्हाच्या बिअरमध्ये ती झाकायला जागाच नसते. एखाद्या घरच्या स्वयंपाकाची पारख जशी साध्या वरणावरून होते, तशी ब्रुअरीची पारख मला गव्हाच्या बिअरवरून करता येते. गेली सहा वर्षे थोरल्या भावाबरोबर, आणि कधी एकटीने, शहरातल्या ब्रुअरी हिंडून मी वहीत नोंदी ठेवल्या आहेत. हे परीक्षण त्या नोंदींवरूनच लिहिते आहे.

हेफेवाइझेन ही बव्हेरियाची शैली. तिच्या धान्यात निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा मोड आणून वाळवलेल्या गव्हाचा असतो, उरलेला सातूचा. ग्लास नाकाजवळ नेला की पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, म्हणून पुष्कळांना वाटते की त्यात केळे किंवा मसाला घातला आहे. प्रत्यक्षात असे काहीही घातलेले नसते. हे दोन्ही वास यीस्ट आंबवताना स्वतः तयार करते. आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाच्या द्रव्यातून केळे येते आणि फोर-व्हिनाइल ग्वायकॉलमधून लवंग. आंबवण्याची टाकी थोडी उबदार ठेवली तर केळे पुढे येते, गार ठेवली तर लवंग वर राहते. हा तोल साधणे म्हणजेच ब्रूमास्टरचे कसब, आणि तो एका टाकीत साधला म्हणून पुढच्या टाकीतही साधेलच असे नाही.

या बाबतीत माझ्या वहीत सर्वांत वरचे गुण डूलालीचे आहेत. 2009 साली पुण्यात कोरिंथियन्स क्लबच्या आवारात सुरू झालेली ही ब्रुअरी देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक आहे. ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रूमास्टरच्या हाताखाली इथली बिअर घडली. नावाचा उगम तर आपल्याच राज्यातला आहे. नाशिकजवळच्या देवळालीला इंग्रजांचा लष्करी तळ होता आणि मायदेशी परतणारे सैनिक तिथे जहाजाची वाट पाहत महिनोन् महिने अडकून पडत. त्या कंटाळ्याने डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणू लागले, आणि देवळालीचे ते बिघडलेले रूप आज पुण्यात बिअरच्या ग्लासावर आले आहे.

तिथल्या एका दुपारची नोंद माझ्याकडे सविस्तर आहे. उंच, वर रुंद होत जाणारा ग्लास समोर आला तेव्हा दोन बोटे फेस होता आणि तो चटकन बसला नाही. रंग पिकलेल्या पेरूच्या गरासारखा, गढूळ पण मळकट नव्हे. पहिल्या वासात वेलची केळे आले, सालीवर काळे ठिपके पडू लागल्यानंतरचे, आणि त्याच्या मागून एखाददुसऱ्या लवंगेएवढा तिखटपणा. घोट तोंडात घेतल्यावर गव्हाचा मऊपणा जिभेवर पसरला आणि गिळताना हलकी आंबूस कड मागे राहिली, पाण्यात लिंबाची फोड टाकली असावी तेवढीच. अर्धा ग्लास संपेपर्यंत बिअर थोडी कोमट झाली आणि लवंग अधिक स्पष्ट झाली. म्हणूनच अतिशय गार बिअर मी लगेच पीत नाही. बर्फासारख्या गारव्याने जीभ बधिर होते आणि चव कळत नाही. ग्लास पाचसात मिनिटे तसाच ठेवला की बिअर बोलू लागते.

गुण देण्यासाठी मी बीजेसीपी या परीक्षक संघटनेचा तक्ता वापरते. त्यात एकूण 50 गुण असतात: वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकूण परिणामाला 10. दिसण्याला अवघे 3 गुण आहेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे बिअरचा रंग आणि ग्लासाचा आकार यांची छायाचित्रे जेवढी निघतात, तेवढा वेळ कुणी नाक ग्लासात घालून बसत नाही.

मुंढव्याच्या इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनीत मी जाते ती मात्र गव्हाच्या बिअरसाठी नव्हे, तर फोर ग्रेन सेझॉनसाठी. सेझॉन ही बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागातल्या शेतवाड्यांवरची बिअर. थंडीत बनवून ठेवायची आणि हंगामात राबणाऱ्या मजुरांची तहान भागवायला काढायची, अशी तिची रीत होती. तिचे यीस्ट साखरेचा जवळजवळ शेवटचा कणही संपवते, त्यामुळे बिअर गोड उरत नाही; ती कोरडी, फसफसती आणि मिरपुडीची चुणूक देणारी होते. इंडिपेन्डन्सच्या ग्लासात हे सगळे सापडते, शिवाय संत्र्याच्या सालीसारखा एक उजळ वासही. उन्हाळ्यात संध्याकाळी सातच्या सुमारास, झाडाखालच्या टेबलाशी बसून, भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर ही बिअर घ्यावी. पहिल्या ग्लासाने तहान जाते आणि दुसऱ्यात चव नीट समजते. दोनच ग्लासांत इतके समाधान देणारी दुसरी बिअर पुण्यात मला अद्याप मिळालेली नाही.

त्यांची इंडिया पेल एल (आयपीए) ही आता माझ्या भावाची आवड, पण आधी तिच्यावरून आमचा वाद ठरलेला असे. दादाला कडू बिअर म्हणजे उगाच ताणलेली तार वाटायची. मला वाटते की कडव्या वालांची उसळ आणि मेथीची भाजी आवडीने खाणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हा कडूपणा परका वाटू नये. हॉप्स या वेलीच्या फुलांमधून तो येतो. फुले तासभर उकळली की त्यांतली आम्ले बदलून कडूपणा उतरतो, पण सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. म्हणून सुवासासाठी फुलांचा दुसरा भाग अगदी शेवटी, किंवा बिअर आंबून गार होत असताना टाकतात. हे समजल्यावर दादाने कडूपणाकडे लक्ष देणे सोडून आधी वास घ्यायला सुरुवात केली. पिकलेला अननस, द्राक्षाची साल, ओल्या गवताची पेंढी असे एकेक नाव तो स्वतःहून घेऊ लागला. आता यादीत आयपीए दिसली की तो माझ्या आधी बोट ठेवतो.

पेय मागवण्यावरून एक तक्रार नोंदवायला हवी, कारण ती अनेक ठिकाणी अनुभवली आहे. आम्ही दोघे बसलो आणि एक आयपीए, एक सायडर (सफरचंदाच्या रसाचे आंबवलेले, गोडसर पेय) असे सांगितले, की वेटर न विचारता आयपीए दादासमोर आणि सायडर माझ्यासमोर ठेवतो. ग्लास अदलाबदल करायला एक क्षण लागतो हे खरे, पण स्त्रियांना गोडच आवडते हे गृहीतक ज्या ठिकाणी पहिल्या पाच मिनिटांत समोर येते, तिथे टॅपवरच्या बिअरविषयी प्रश्न विचारायला नवखी मुलगी धजावत नाही. चांगल्या ब्रूपबमध्ये कडूपणा, दारूचे प्रमाण आणि शैली यादीतच लिहिलेली असते आणि वेटर आधी विचारतो, ‘आयपीए कुणासाठी?’ एवढे पुरते.

सर्वांत वाईट अनुभव मात्र बिअरचाच होता. शहराच्या पश्चिमेकडच्या एका मोठ्या ब्रूपबमध्ये, ज्याचे नाव मी इथे लिहीत नाही, शुक्रवारी रात्री पिल्सनर मागवली. 1842 साली बोहेमियातल्या पिल्झेन गावात जन्मलेली ही सोनेरी बिअर स्वच्छ आणि कुरकुरीत असायला हवी. ग्लास नाकाजवळ नेताच सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास आला आणि घोट जिभेवर तेलकट, निसरडा लागला. हा दोष डायासिटिल या द्रव्याचा असतो. यीस्ट ते आधी तयार करते आणि पुरेसा वेळ दिला तर स्वतःच परत शोषून घेते. त्यासाठी शेवटी दोन-तीन दिवस टाकी थोडी उबदार ठेवायची असते. लागर, म्हणजे पिल्सनरसारखी गारव्यात आंबवलेली बिअर, पूर्ण तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तर गव्हाची बिअर दोन आठवड्यांत होते. मागणी वाढली की लागरचे दिवस कापले जातात आणि लोणी ग्लासात उतरते. दुसरे कारण टॅपपर्यंत येणाऱ्या नळ्या वेळेवर न धुणे हेही असू शकते. त्या नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्यात असा रिवाज आहे. नाही तर त्यांत जिवाणूंचा थर साचतो आणि चांगली बिअरही वाटेत बिघडते.

मी वेटरला बोलावून हे सांगितले. तो म्हणाला, ‘मॅडम, हा आमचा फ्लेवरच आहे.’ व्यवस्थापकांनी येऊन ग्लास बदलून दिला, पण तो त्याच टॅपमधून भरला, आणि वास तोच होता. मला पैसे परत नको होते. आत कुणीतरी तो ग्लास चाखून पाहावा, एवढीच अपेक्षा होती, आणि शेवटपर्यंत कुणी चाखला नाही. शेजारच्या टेबलावरच्या चार मुलांची ती बहुधा पहिलीच ताजी बिअर असावी. एक घोट घेऊन त्यांनी तोंडे वाकडी केली आणि बाटलीतली नेहमीची स्ट्राँग मागवली. चार गिऱ्हाइके त्या एका टॅपने कायमची गमावली, हे मला आजही लागते.

ब्रुअरीपासून दूरच्या बारमध्ये केगमधून (धातूच्या पिंपातून) बिअर द्यायची तर हीच जबाबदारी दुप्पट होते, आणि म्हणून पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सचे काम मला विशेष वाटते. स्वतःची बिअर केगमध्ये भरून ती शहरातल्या आणि मुंबईतल्या बारपर्यंत पोहोचवणाऱ्या इथल्या सुरुवातीच्या ब्रुअरींपैकी ती एक. त्यांच्या आंबट बिअर मी दोन वेगवेगळ्या बारमध्ये एकाच आठवड्यात चाखल्या आणि दोन्ही ग्लासांत आंबटपणा सारखाच नेमका होता. ताकापेक्षा धारदार, चिंचेपेक्षा सौम्य. या शैलीत लॅक्टोबॅसिलस हा जिवाणू, म्हणजे दह्याच्या विरजणात असणाऱ्या जिवाणूंचा भाईबंद, उकळण्याआधीच्या गोड काढ्यात सोडतात, हवा तेवढा आंबटपणा आला की काढा उकळून त्याचे काम थांबवतात आणि मग यीस्ट घालतात. सोलकढी ज्याला आवडते त्याने या ग्लासापासून सुरुवात करायला हरकत नाही. त्याला कडू बिअरपेक्षा ही लवकर जवळची वाटेल.

गडद बिअर पुण्यात कमी खपते, आणि त्यामुळे ती टाकीत जास्त दिवस पडून राहते. इंडिपेन्डन्सची इक्साकाओ ही चॉकलेट पोर्टर त्याला अपवाद म्हणावी अशी आहे: कोकोचा कडवटपणा, तळाशी जळलेल्या गुळाची छटा, आणि गोडवा आवरता. ती मी डिसेंबरात, शेवटचा ग्लास म्हणून घेते. हलक्या बिअरच्या आधी ती घेतली तर पुढच्या ग्लासांची चव पुसून जाते. बिअर नसली तरी मूनशाइन मीडरीचे नाव इथे घ्यायलाच हवे. मध आंबवून बनवलेले मीड देशात पहिल्यांदा बाटलीत आणणारे हे पुणेकर, आणि त्यांचे कॉफी मीड पाहुण्यांपुढे ठेवायला उत्तम.

खाण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बहुतेक ठिकाणी तेच कोंबडीचे पंख, तेच नाचोज. तिखट मसाल्याने आयपीएचा कडूपणा अधिक बोचतो, म्हणून तिच्याबरोबर साधे मीठ लावलेले दाणे किंवा तळलेले मासे बरे. गव्हाच्या बिअरबरोबर मात्र कोळंबी छान जुळते. संगीताचा आवाज रात्री नऊनंतर असह्य होतो, तेव्हा चाखायला जायचे तर दुपारी किंवा आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी जावे. चार टेस्टर, म्हणजे चाखण्यापुरते छोटे ग्लास, मागवावेत, फिक्याकडून गडदाकडे जावे आणि परतीला रिक्षा करावी.

2020 च्या टाळेबंदीत राज्यात मायक्रोब्रुअरींना ग्राउलरमध्ये (घट्ट झाकणाच्या मोठ्या बाटलीत) भरून बिअर घरी द्यायची मुभा मिळाली, आणि तेव्हापासून अनेकांना ही सोय कायमची वाटते. मी तिची परीक्षा घेतली. एक लिटर हेफेवाइझेन भरून एरंडवण्यात घरी आणली, अर्धी त्याच रात्री दादाबरोबर घेतली आणि उरलेली घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवली. पहिल्या रात्री केळे, लवंग, फेस सगळे जागेवर होते. दुसऱ्या संध्याकाळी फेस बोटभरही आला नाही, केळे गेले होते आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागला होता. ही बिअर पाश्चराइझ केलेली नसते आणि एकदा उघडली की आत शिरलेली हवा तिला थांबू देत नाही. स्टाउट या गडद बिअरवर हाच प्रयोग केला तेव्हा ती दुसऱ्या दिवशीही पिण्याजोगी राहिली, कारण भाजलेल्या धान्याची चव पहिला धक्का सोसते. ग्राउलर न्यायचाच असेल तर स्टाउटचा न्यावा. गव्हाची बिअर तिथेच, टाकी दिसेल अशा टेबलाशी बसून घ्यावी.