नवा पत्रा म्हणून तेलाचा डबा

जुन्या गाडीचं पत्रेकाम करायला देणार असाल तर आधी हे वाचा.

बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं तेव्हा ती त्यात उभी होती. पाणी ओसरलं, पण दारांखालच्या पोकळ पट्टीत गाळ साचून राहिला आणि गंज आतून पसरला. या गाडीला वेगळी चेसी (खालचा सांगाडा) नसते, सगळा भार बॉडीच पेलते. ती पट्टी कुजली की गाडी मधून दबते, दारं लागेनाशी होतात.

एका गॅरेजवाल्याने दारं-फेंडर उतरवून, कुजलेला पत्रा कापून अठरा गेजचा (साधारण १.२ मिलिमीटर जाड) नवा वेल्ड करतो असं सांगितलं. मराठी बोलणारा माणूस. "काका, घरचीच गाडी समजून करतो," म्हणाला आणि निम्मे पैसे आगाऊ घेतले. उघडा पत्रा बघायला येतो म्हटलं की कधी वेल्डर सुट्टीवर, कधी रंगकाम चालू, धूळ बसेल. गाडी मिळाली ती चकाचक, खालून जाड काळा अंडरकोट फासलेली.

पुढच्या पावसाळ्यात दारांखाली रंगाला फोड आले. दुसऱ्या मिस्त्रींनी लोहचुंबक लावलं, ते चिकटेचना. स्क्रूड्रायव्हरने टोकरलं तर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाडजूड पोपडा सुटला. खाली रिव्हेट मारलेला पातळ पत्रा. तो उचकटला, तर आतल्या बाजूला गुजराती अक्षरं. सिंगतेलाचा डबा कापून लावला होता! असा पत्रा अर्धा मिलिमीटरही जाड नसतो. मागे गंज जसाच्या तसा, आणि गाळसुद्धा. ज्या पट्टीवर गाडीचा भार, तिथे हे करायला हात कसा धजावला? दारांवरच्या मूळ क्रोमपट्ट्याही बदललेल्या निघाल्या.

म्हणून प्रायमर मारण्याआधी उघडा पत्रा स्वतः बघा, त्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका. पट्टी कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडव्या पट्ट्या टाकून आधार देणार का, हे विचारा. आधाराशिवाय कापली तर बॉडी सरकते. उतरवलेल्या भागांचे, पट्ट्यांचे फोटो काढा, कापलेले तुकडे मागून घ्या.

आणि पक्कं बिल घ्या. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. माझ्याकडे नुसती चिठ्ठी आहे, पण ती, फोटो आणि तो डब्याचा तुकडा जोडून मी तक्रार करतो आहे.